पेज रिलोड न होता फॉर्म सबमिट करायचा हाय, पन मधातच रिलोड होऊन रायलं

काट्यावरचा_पोट्टा · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून रायलो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर काट्याची नोंद घ्याले मी एक साधं वेबपेज बनवलं हाय. मी काई शिकलेला प्रोग्रामर नाई, बीएस्सी ॲग्री केलं अन् बाकीचं युट्युब पाहून पाहून. टोकन नंबर, कास्तकाराचं नाव, मोबाईल, माल कोनता, कट्टे किती, वजन किती, सोयाबीन असलं त मॉइश्चर, एवढं भरायचं अन् 'नोंद करा' दाबायचं. खाली आजच्या नोंदीची यादी दिसते.

अट एकच होती का पेज रिलोड झालं नाई पायजे. टॉवर हाय टेकडीच्या पल्याड, नेट येते जाते, पूर्ण पेज पुन्हा याले कधी कधी मिनिट-दीड मिनिट लागते अन् इकडे काट्यावर ट्रॅक्टरची लाइन लागली राहते. म्हनून सबमिट पकडून फेचने (पेज न हलवता मागून डेटा पाठवनारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) डेटा पाठवतो. दिवाळीपासून मस्त चाललं. आता सोयाबीन संपत आलं, तुरी सुरू झाल्या, अन् आठ-दहा दिवसांपासून पेज मधातच रिलोड होते. कधी होते, कधी होत नाई. झालं का भरलेलं सगळं साफ अन् नोंद गेली का नाई समजतच नाई. आमचे ऑपरेटर काका (आधी जिनिंगमधी मुनीम होते, वय साठीचं) कधी पुन्हा भरते, कधी वैतागून वहीत लिहून घेते. काल त एका कास्तकाराच्या नावावर २२ कट्ट्याचे ४४ झाले. मानूस चांगला होता, म्हने राहू दे बापा, पैसे बी डबलच टाक.

घरी लॅपटॉपवर शंभर वेळा करून पाहलं, एकदा बी रिलोड झालं नाई. काय असन?

लिंबाखालचा · ९:४८

२२ चे ४४ करनाऱ्या सॉफ्टवेअरची लिंक टाक भाऊ. बाकीचं मंग पाहू.

सर्व्हर_सावजी · १०:०५

फॉर्ममधल्या बाकी बटनांना टाइप दिलाय का? फॉर्मच्या आत बटन असेल आणि टाइप लिहिला नसेल तर ब्राउझर त्याला सबमिटच समजतो. 'पुसा', 'मागे' अशी बटनं असतील तर तीच पेज उडवत असतील. आणि कोड टाक, कोड न पाहता निदान म्हणजे नाडी न धरता औषध.

काट्यावरचा_पोट्टा · १०:१९

दुसरं बटनच नाई भाऊ, एकच हाय. मोबाईलवरून कोड टाकता येऊन नाई रायला म्हनून तोंडी सांगतो. फॉर्म सबमिट झाला का माझं फंक्शन चालते. आधी सगळ्या खान्यातल्या किमती गोळा करतो, वजन शून्य त नाई ना पाहतो, मॉइश्चर १२ च्या वर असलं त इशारा देतो, मंग प्रिव्हेंटडिफॉल्ट (म्हनजे ब्राउझरले 'तू स्वतः फॉर्म पाठवू नको' सांगनं), मंग फेच. उत्तर आलं का हिरवी पट्टी.

सर्व्हर_सावजी · १०:२४

प्रिव्हेंटडिफॉल्ट एवढ्या खाली कशाला? पहिल्या ओळीत घे.

काट्यावरचा_पोट्टा · १०:२७

खाली असलं त काय फरक पडते, तीन महिने चाललं नं तसंच.

सेतूवाली_ताई · १०:५१

मला कोडिंगमधलं काही समजत नाही पण मी दहा वर्षं सेवा केंद्र चालवते, तर तुमच्या काकांच्या बाजूने चार गोष्टी सांगते. तुम्हा पोरांना वाटते पेज रिलोड झालं नाही म्हणजे काम भारी झालं. आमच्याकडे काय होते, बटन दाबलं, गोल गोल चक्र फिरून रायलं, समोर मानूस उभा, त्याच्या मागं अजून सात. किती वेळ पाहायचं? दहा सेकंद? मिनिट? मी दुसऱ्यांदा दाबते. सगळेच दाबतात. एकदा एका बाईचा एकच अर्ज तीनदा गेला आणि तीनही वेळा फी कापली गेली, तिची मजुरी बुडाली वरून मलाच ऐकून घ्यावं लागलं.

मला फक्त एवढं पाहिजे की बटन दाबल्याबरोबर ते करडं झालं पाहिजे म्हणजे दाबल्या गेलं हे कळते, आणि झाल्यावर मोठ्या अक्षरात नोंद नंबर दिसला पाहिजे, जो मी त्या माणसाला वाचून दाखवू शकते. हिरवी पट्टी दोन सेकंदात गायब होते ती कोणाच्या कामाची? तेवढ्यात मी पंखा नाहीतर गिऱ्हाईक पाहत असते.

पेन्शनर_प्रोग्रामर · ११:२०

ताईंचं म्हणणं लाखाचं आहे. थोडं जुनं सांगतो, झोप येत नाही म्हणून.

हे पान न हलवता डेटा पाठवायचं प्रकरण तुमच्यातल्या काहींच्या जन्माआधीचं आहे. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये त्याची सोय पहिल्यांदा आली, मायक्रोसॉफ्टला आउटलुकचा मेल ब्राउझरमध्ये चालवायचा होता म्हणून. पाच-सहा वर्षं कोणी फार विचारलं नाही. मग २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गुगल मॅप्स आलं, नकाशा माउसने ओढला तरी पान हलत नाही हे पाहून आम्ही ऑफिसात खुर्च्या सोडून उभे राहिलो होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या सगळ्याला एजॅक्स असं नाव दिलं. त्यातला शेवटचा एक्स एक्सएमएलचा, ती डेटा लिहायची एक पद्धत. आज बहुतेक जण जेसन या दुसऱ्या पद्धतीने पाठवतात, नाव मात्र तेच.

त्या काळी याने फाइल पाठवता येत नसे. मग आम्ही पानात एक आयफ्रेम (पानातलंच छोटं पान) लपवून ठेवायचो आणि फॉर्मचं टार्गेट तिच्याकडे द्यायचो. रिलोड व्हायचं, पण त्या लपलेल्या चौकटीत. बाहेर साहेबांना वाटायचं काय जादू आहे. २००६ ला जेक्वेरी हे जावास्क्रिप्टचं तयार पॅकेज आलं आणि चार ब्राउझरचे चार नखरे एका ओळीत मिटले, २०१५ पासून फेच आहे.

वऱ्हाडी_ठेचा · ११:२६

एजॅक्स मले इतके दिवस अजाबरावचं इंग्रजी वाटे.

लिंबाखालचा · ११:२८

आमच्या गावचे अजाबराव बी तसेच हायेत, पाठवा कुठी बी, गावाले पत्ताच लागत नाई गेले का आले 😂

मास्तर_घाटंजी · बुधवार, सकाळी ७:१२

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. एवढा आटापिटा कशासाठी? साधा फॉर्म ठेवा, सबमिट झाला की नवीन पान येऊ द्या, त्यावर पावती नंबर. माणसाला कळतं की झालं. पान आलं नाही तर कळतं की नाही झालं. शाळेच्या ऑनलाइन कामात मी जे जे 'रिलोड न होणारं' पाहिलं त्यात सगळ्यात जास्त घोळ होते. फॉर्म पोस्टने (डेटा पत्त्यात न दाखवता पाठवायची रीत) घ्यायचा, सर्व्हरने ३०३ (म्हणजे 'आता त्या पानावर जा') देऊन दुसऱ्या पानावर पाठवायचं, मग कोणी रिलोडचं एफ५ दाबलं तरी नोंद पुन्हा होत नाही. पंचवीस वर्षांची जुनी रीत आहे, मोडलेली नाही.

काट्यावरचा_पोट्टा · ७:४०

सर, नवं पान याले दीड मिनिट लागते नं. दिवसाले ऐंशी गाड्या. हिशोब करा.

कोथरूडचा_कास्तकार · ९:१५

मास्तरांचं एक वाक्य मात्र पटलं नाही. 'पान आलं नाही म्हणजे नाही झालं' हे चूक आहे, आणि याच गैरसमजातून २२ चे ४४ होतात. (मी मूळचा आर्णीचा, पोटासाठी पुण्यात, काम हेच.)

असं समजा की तुम्ही गड्याच्या हाती तालुक्याला चिठ्ठी पाठवली. गडी संध्याकाळी परत आला नाही. चिठ्ठी पोचली का नाही? तो जातानाच रस्त्यात अडकला असेल, किंवा चिठ्ठी देऊन परत येताना अडकला असेल. घरी बसून तुम्हाला दोन्ही सारखंच दिसतं. नेटचंही तसंच आहे, नोंद सर्व्हरवर पडली आणि 'पडली' हे उत्तर येताना टॉवर गेला, तर काकांना वाटणार गेलीच नाही. ते पुन्हा दाबणार. रिलोडवालं पान असो का फेच असो, याला दोघंही पुरत नाहीत.

उपाय असा की प्रत्येक नोंदीला पानावरच एक आयडी द्यायचा, आणि तो नोंदीसोबत पाठवायचा. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक की, म्हणजे तोच आयडी दोनदा बसत नाही. तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ओळ न टाकता 'ही आधीच झाली आहे, हा घ्या नंबर' म्हणायचं. मग काका दहा वेळा दाबू देत. फक्त एक सांभाळा, आयडी दर दाबणीला नवीन बनवू नका, मी सुरुवातीला तेच केलं होतं आणि तीन दिवस डोकं धरून बसलो होतो. तो फॉर्म कोरा होताना बनवायचा आणि सर्व्हरचं पक्कं उत्तर येईपर्यंत तोच ठेवायचा.

दुसरं म्हणजे फेचला स्वतःची वेळेची मर्यादा नसते, तो वाट पाहत बसतो. ॲबॉर्ट सिग्नल लावून वीस सेकंदांनी तोडा आणि काकांना साध्या मराठीत सांगा की उत्तर आलं नाही, पुन्हा दाबा, डबल होणार नाही.

सेतूवाली_ताई · ९:३०

"पुन्हा दाबा, डबल होणार नाही" हे वाक्य माझ्या स्क्रीनवर कोणी आणून दिलं तर त्याला पुरणपोळी.

सर्व्हर_सावजी · ९:५२

हिरव्या पट्टीचंही तपास. 'उत्तर आलं का हिरवी पट्टी' असं लिहिलंस वर. फेचला ५०० (सर्व्हरवर बिघाड) आलं तरी तो चूक मानत नाही, ४०४ (पान सापडलं नाही) आलं तरी नाही. नेटच तुटलं तरच कॅचमध्ये, म्हणजे कोडच्या चूक पकडणाऱ्या भागात जातो. उत्तरातला ओके तपासावा लागतो. एका ठिकाणी मी हे विसरलो होतो, सर्व्हरची डिस्क भरलेली, अर्धा दिवस सगळ्या नोंदी हिरव्या आणि डेटाबेसमध्ये एकही नाही. संध्याकाळी चहा पिताना कळलं. तो चहा अजून आठवतो.

निंबूपाणी · १०:२०

विषय थोडा बाजूला नेतो. आमच्या इथं एका ऑपरेटरनं मराठी कीबोर्ड चालू ठेवून वजन '१२.५' असं देवनागरीत टाकलं. जावास्क्रिप्ट म्हणते हा नंबरच नाही. पीएचपी गुमान शून्य धरते. पायथन मात्र व्यवस्थित साडेबारा वाचते, त्याले मराठी येते. तर शून्य वजनाच्या ज्या नोंदी तू अडवून रायला त्या अशा त नाहीत नं?

वऱ्हाडी_ठेचा · १०:२४

पायथन आमच्याइकडचा असन, अजगर हाय शेवटी.

पेन्शनर_प्रोग्रामर · ११:०५

अजून एक गंमत, वापरू नका पण माहीत असू द्या. फॉर्म साधा पाठवला आणि सर्व्हरने २०४ हे उत्तर दिलं, म्हणजे 'मिळालं, दाखवायला काही नाही', तर ब्राउझर जागचा हलत नाही. रिलोड नाही, जावास्क्रिप्टची एक ओळही नाही. पण मग ताईंना नोंद नंबर कोण वाचून दाखवणार.

धानवाली_गोंदिया · दुपारी १:३५

आमच्याकडे धानाच्या नोंदीसोबत सातबाराचा फोटो घेतो. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा, कंटाळा येतो जाता जाता. कॅनव्हासवर लहान करून पाठवतो, दोनशे-तीनशे केबीत अक्षरं स्वच्छ वाचता येतात. आणि किती टक्के गेलं ती पट्टी दाखवायची असेल तर फेचच्या नादी लागू नका, जुनं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच घ्या, अपलोडची प्रगती तेच सांगते. फॉर्मडेटा (फॉर्मचे सगळे खाने, फाइलसकट, एकत्र बांधलेले) पाठवताना कंटेंट टाइप हाताने लिहू नका, ब्राउझर त्यात खाने वेगळे करणारी आपली सीमारेषा घालतो, तुम्ही लिहिला की ती जाते आणि सर्व्हरला काहीच उलगडत नाही. माझे दोन रविवार गेले त्यात.

कोथरूडचा_कास्तकार · २:१०

मूळ प्रश्न राहिलाच. पोट्टेभाऊ, रिलोड झाल्यावर वर ॲड्रेसच्या पट्टीत काय दिसतं? काकांना एक फोटो पाठवायला सांग.

काट्यावरचा_पोट्टा · सायंकाळी ५:४५

काकाने पाठवला. पत्त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह अन् त्याच्या पुढे लांबच लांब काय काय हाय. टोकन, नाव (टक्के टक्के असं काई तरी), मोबाईल नंबर, माल तूर, कट्टे ९.

कोथरूडचा_कास्तकार · ५:५८

सापडलं बहुतेक. प्रश्नचिन्ह दिसतंय म्हणजे तुझं फेच गेलंच नाही, ब्राउझरनेच फॉर्म पाठवला. मेथड (फॉर्म पाठवायची रीत) लिहिली नसली की तो गेट धरतो आणि सगळं पत्त्यात ओततो. लोकांचे मोबाईल नंबर ब्राउझरच्या हिस्ट्रीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसतायत हे वेगळंच. निदान मेथड पोस्ट तरी लिही.

आता सांग, 'माल' मध्ये तूर निवडली की मॉइश्चरचा खाना राहतो का जातो?

काट्यावरचा_पोट्टा · ६:०१

जाते. सोयाबीनलेच ठेवला हाय नं, बाकीले काढून टाकतो पेजवरून.

सर्व्हर_सावजी · ६:०३

बस. तूर निवडली, खाना नाही, तुझं फंक्शन नसलेल्या खान्याची किंमत मागतं, तिथेच एरर येऊन मरतं, प्रिव्हेंटडिफॉल्टपर्यंत पोचतच नाही. ब्राउझर म्हणतो मला कोणी थांबवलं नाही बुवा, मी चाललो. काल रात्री १०:२४ ला काय म्हणालो होतो?

लिंबाखालचा · ६:०५

अन् घरी शंभर वेळा टेस्ट केली ते सगळं सोयाबीन 😂😂

काट्यावरचा_पोट्टा · ६:२०

यादीत पयलं सोयाबीनच येते त तेच घेत होतो मी 🙏 पन मंग कन्सोलमधी (ब्राउझर एरर दाखवते तिथं) लाल ओळ काऊन दिसली नाई? काकाच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः उघडून पाहलं होतं परवा.

सर्व्हर_सावजी · ६:२६

पेज रिलोड झालं की कन्सोल पुसला जातो. लाल ओळ येते आणि पापणी लवायच्या आत जाते. सेटिंगमध्ये प्रिझर्व्ह लॉगवर टिक कर, मग राहते.

मास्तर_घाटंजी · ६:४०

म्हणजे मेथड पोस्ट असती, मागे सर्व्हर नीट असता, तर जावास्क्रिप्ट मेलं तरी तुरीची नोंद झाली असती. साधा फॉर्म खाली ठेवून वर फेच चढवा एवढंच माझं म्हणणं होतं.

कोथरूडचा_कास्तकार · ६:४४

हे मान्य, मास्तर. सकाळचं वाक्य सोडून बाकी सगळं मान्य.

काट्यावरचा_पोट्टा · गुरुवार, रात्री १०:३०

अपडेट. प्रिव्हेंटडिफॉल्ट पयल्या ओळीत घेतला, मॉइश्चर आधी हाय का पाहतो मंगच वाचतो, मेथड पोस्ट केली, ओके तपासतो. आज तुरीच्या अकरा गाड्या झाल्या, एकदा बी रिलोड नाई.

आयडीचं बी केलं, पन तिथं वेगळीच बोंब झाली. क्रिप्टोचं रँडमयूयूआयडी (दरवेळी वेगळा आयडी बनवनारं ब्राउझरचं फंक्शन) घरी मस्त चाललं अन् केंद्रावर म्हने असं फंक्शनच नाई.

सर्व्हर_सावजी · १०:३८

साइट साध्या एचटीटीपीवर, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, आहे ना? ते फक्त एचटीटीपीएसवर नाहीतर लोकलहोस्टवर चालतं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, घाल ते. लोकांचे मोबाईल नंबर उघड्यावर नेतोयस तू.

काट्यावरचा_पोट्टा · शनिवार, सायंकाळी ७:५०

घातलं, चाललं. आज काकाची वही अन् डेटाबेस घेऊन बसलो. वहीत हाय पन पेजवर नाई अशा ३१ नोंदी, सगळ्याच्या सगळ्या तुरीच्या. डबल झालेल्या ९, सगळ्या सोयाबीनच्या, तो २२ कट्ट्यावाला बी त्यातच. म्हनजे मी एकच रोग समजून रायलो होतो ते दोन निघाले. काकाले म्हनलं, तुम्ही सांगितलं काऊन नाई का फक्त तुरीलेच होते म्हनून? त काका म्हनते, तू कुठी इचारलं, तू त कधी होते एवढंच इचारत होता.

२२ वाल्याले फोन करून सांगितलं का ४४ चे परत २२ केले. म्हने अर्धे तरी ठेवाचे होते.

सेतूवाली_ताई · ८:१५

छान झालं. एक सांगा, नोंद झाल्यावर कर्सर कुठं जाते? टोकनच्या खान्यात आपोआप येते का दर गाडीला माउस धरावा लागते?

काट्यावरचा_पोट्टा · ८:४०

काकाले फोन लावून इचारलं. माउसच धरते म्हने, दिवसभर, संध्याकाळी अंगठा दुखते.